विमानाची मोटर सायकलला

आमच्या एका विद्यार्थ्याने खेळातल्या विमानाची पेरूएवढी ब्रशविरहित मोटर आणून सायकलला जोडली. मोटरच्या दांड्यावर १२ दात्यांचे चक्र, मागच्या चाकावर ६० दात्यांचे, मध्ये साखळी. कुरखेड्याच्या सपाट रस्त्यावर सायकल छान पळाली. मग स्वारी कोरचीच्या वाटेवर बेडगावच्या घाटात गेली आणि अर्ध्या चढावर वॉर्निश जळाल्याचा वास येऊन मोटर बंद पडली. मोटर हजार वॅटहून अधिक शक्तीची होती. मग ती जळावी कशी?

आधी तिची रचना पाहू. साध्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या वेटोळ्यांना प्रवाह पुरवतात. येथे वेटोळी स्थिर असतात आणि चुंबक बसवलेले बाहेरचे कवच फिरते. वेटोळ्यांचे तीन गट असून नियंत्रक त्यांना पाळीपाळीने प्रवाह देतो. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटची जनित्रे आहेत, त्यांतही असेच तीन गट असतात. फक्त विद्युत्चुंबक आत फिरतो, मिनिटाला ३,००० फेरे. तेथे गतीपासून वीज मिळते, येथे विजेपासून गती. म्हणजे आपली मोटर त्यांची धाकटी बहीणच म्हणा ना!

आता गणित करू. मोटरवर १९० हा आकडा होता. म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटास १९० फेरे. २४ व्होल्टला ते ४,५६० होतात. याच आकड्यावरून मोटरचा फिरवण्याचा जोर, म्हणजे परिबलही काढता येते. ९.५५ ला १९० ने भागा : दर अँपिअरला सुमारे ०.०५ न्यूटन-मीटर. (९.५५ म्हणजे ६० भागिले २π. मिनिटाचे सेकंद आणि फेऱ्याचे रेडियन करताना तो येतो.)

समजा, स्वारासह सायकल ९० किलोग्रॅमची आणि चढ १०० मीटरला ४ मीटर. चढासाठी सुमारे ३५ न्यूटन, रस्ता आणि हवा यांच्यासाठी १५, असे ५० न्यूटन बल हवे. ताशी १५ किलोमीटर वेगाला ही शक्ती जेमतेम २१० वॅट होते. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर, म्हणून चाकावर १६.५ न्यूटन-मीटर परिबल लागेल. दात्यांचे गुणोत्तर ५ असल्याने मोटरने ३.३ द्यायचे. त्यासाठी प्रवाह ६६ अँपिअर! वेटोळ्यांचा रोध ०.०४ ओहम धरला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १७४ वॅट उष्णता त्या पेरूएवढ्या मोटरीत. विमानात पंख्याचा वारा तिला थंड ठेवतो. घाटात, तेही मे महिन्यात, तो कोठून येणार?

आता मध्ये ५ पटीचा आणखी एक टप्पा घाला. त्याला दातेरी पट्टा चालेल. एकूण गुणोत्तर २५. प्रवाह १३.२ अँपिअर, उष्णता अवघी ७ वॅट. घर्षणाचा व्यय येथे सोडून दिला आहे, तो धरला तरी फारसा फरक पडत नाही. सपाटीवर ताशी २० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला १६० फेरे होतात, मोटरचे ४,०००. तेही तिच्या आवाक्यातच. जोडणीपूर्वी हे गणित कागदावर करायला पाच मिनिटे पुरतात, पण मुलांना आधी पाना हाती घ्यायचा असतो!

आणखी एक अडचण उभ्या सायकलीची. विमानाचे बहुतेक नियंत्रक फिरत्या चुंबकांमुळे वेटोळ्यांत निर्माण होणाऱ्या दाबावरून चुंबकांची जागा ओळखतात. मोटर थांबलेली असताना तो दाब नसतो, म्हणून ती नुसती थरथरते. विमानाच्या पंख्यावर सुरुवातीला भार नसतोच. सायकलीला तर तेव्हाच जास्त जोर हवा. म्हणून आधी चार-सहा पायडल मारा, मग मोटर सुरू करा. पुढे सरकण्यापुरता धक्का तिलाही पुरतो.

भारतात २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीचे वाहन, इतर काही अटी पाळल्यास, मोटर वाहन ठरत नाही. तेव्हा नियंत्रकाची मर्यादा त्याआतच ठेवा. बॅटरी उन्हात ठेवू नका.

मोटरच्या बाजूलाही एक फ्रीव्हील बसवा. धानोऱ्याच्या जंगलात संध्याकाळी बॅटरी संपली, तर २५ पटीने फिरणारी मोटर ओढत पायडल मारणे कठीण जाते. फ्रीव्हील असेल तर ती जागच्या जागी थांबते आणि तुमची सायकल नेहमीसारखी घरी येते.