ट्रॅक्टरच्या स्वयंचलित ट्रान्समिशनचे नियंत्रण मॉड्यूल : निदान व बदल

झाशी छावणीच्या सभोवतालच्या गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टरला उसंत नसते. खरिपातील उडीद, तीळ व भुईमूग निघाल्यानंतर जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी हरभरा, वाटाणा, मसूर व गहू यांची पेरणी साधावी लागते. बुंदेलखंडातील ‘मार’ व ‘काबर’ या काळ्या जमिनी विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना ओळखीच्याच वाटतील. ओल्या असताना चिकट, वाळल्यावर दगडासारख्या, आणि मधला वाफसा अल्पकाळ टिकणारा. अशा वेळी ट्रॅक्टर जागचा हलेनासा झाला आणि समोरच्या फलकावर ट्रान्समिशनचा दिवा लागला, की दुरुस्तीचा निर्णय घाईने घेतला जातो व दोष बहुधा मॉड्यूलच्या माथी मारला जातो. हा भाग महाग असतो, तो मागवून येईपर्यंत वाफसा निघून जातो, आणि मूळ दोष दुसरीकडेच असेल तर नवा भाग बसवूनही ट्रॅक्टर उभाच राहतो.

आपल्याकडील बहुतांश ट्रॅक्टर अजूनही हाताने गिअर बदलण्याचे आहेत. त्यांना अशा मॉड्यूलची गरज नाही. मात्र १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम’ टप्पा ४ ची उत्सर्जन मानके लागू झाली आणि या गटातील इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण रुळले. मोठ्या ट्रॅक्टरमधील क्लच न दाबता दिशा बदलणारे पॉवर शटल, तसेच काही कापणी-मळणी व चारा-कापणी यंत्रांतील हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन यांचेही नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानामुळे अवजारे बँकांची साखळी उभी राहिली आणि स्वतः विकत घेणे परवडणार नाही अशी यंत्रेही भाड्याने गावात येऊ लागली. यंत्र बंद पडले की पहिला दूरध्वनी अनेकदा विस्तार कार्यकर्त्यालाच येतो.

मॉड्यूलचे काम समजले की निदान सोपे होते. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग, तेलाचे तापमान, दिशा-दांड्याची स्थिती, क्लच पेडलची स्थिती आणि चालक आसनावर आहे की नाही, ही माहिती सेन्सर व स्विच मॉड्यूलकडे पाठवतात. त्यावरून मॉड्यूल सोलेनॉइड व्हॉल्व्हना मोजून-मापून विद्युतप्रवाह देते. व्हॉल्व्ह तेलाचा दाब क्लचच्या थाळ्यांवर सोडतात आणि ट्रॅक्टर हलतो. यांतील एकही दुवा तुटला तर मॉड्यूल सावधगिरी म्हणून ट्रान्समिशन न्यूट्रलमध्ये ठेवते किंवा मर्यादित गतीवर आणते. बाहेरून पाहणाऱ्याला मॉड्यूलच बिघडल्यासारखे वाटते. वस्तुतः ते आपले काम चोख करीत असते.

तपासणीचा आरंभ तेलापासून करावा. पातळी कमी असणे, गाळणी तुंबणे किंवा शिफारस नसलेले तेल भरलेले असणे यांमुळे दाब मिळत नाही आणि कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण तो दाब निर्माण करू शकत नाही. त्यानंतर बॅटरी. हंगामाबाहेर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या यंत्रात हेच दुखणे वारंवार आढळते. विश्रांतीत असलेली, पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट अपेक्षित असतात. स्टार्टर फिरताना दाब दहा व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर त्या क्षणी उमटलेल्या कोडांवर विश्वास ठेवू नये. बॅटरी ठीक करून कोड पुसावेत व पुन्हा पाहावे.

अर्थिंगची परीक्षा बहुतेक ठिकाणी चुकीच्या रीतीने होते. मल्टिमीटरचा ‘बीप’ ऐकून तार ठीक असल्याचे ठरवले जाते. परंतु पीळ घातलेल्या तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर वाजतो. खरी परीक्षा भार असताना होते. यंत्र चालू करून, दिवे लावून, मॉड्यूलची अर्थ-पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांतील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आल्यास तार, नटबोल्टखालील गंज किंवा रंगाचा थर शोधावा.

यानंतर स्कॅनर लावावा. अनेक यंत्रांत कोडाचे दोन भाग असतात: पहिला कोणत्या भागाविषयी तक्रार आहे ते सांगतो, दुसरा तक्रार कशा प्रकारची आहे ते. दुसऱ्या भागातील ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर अधिक, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी, ५ म्हणजे प्रवाह कमी किंवा परिपथ तुटलेला, ६ म्हणजे प्रवाह अधिक किंवा तार अर्थला भिडलेली. १२ हा अंक संबंधित उपकरणातच दोष असल्याचे सुचवतो आणि १३ हा कॅलिब्रेशन बिघडल्याचे. म्हणजे ३ ते ६ हे अंक दिसत असताना मॉड्यूल मागवणे हे उतावीळपणाचेच ठरते. तेथे तार, कनेक्टर, सेन्सर किंवा सोलेनॉइड आधी तपासावा. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सर्व सेन्सर एकदम बिघडले असे नसते. त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा एखाद्या सेन्सरने खाली ओढलेला असतो. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात, तोच सेन्सर किंवा त्याची तार दोषी.

मॉड्यूल स्कॅनरशी बोलतच नसेल तर संदेशवाहक तारांची जोडी पाहावी. बॅटरी सोडवून या दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम यावयास हवा, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर असतात. १२० आल्यास एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. भुशाच्या कोठीशेजारी उभ्या केलेल्या ट्रॅक्टरमध्ये उंदीर या तारा हमखास कुरतडतात. झाशी परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वाळून ताठरलेले वेष्टन धक्क्यांनी तडकते. पुढे पावसाळ्यात, किंवा उच्च दाबाच्या पाण्याने यंत्र धुताना, त्याच फटीतून पाणी कनेक्टरमध्ये शिरते. बॅटरी व मॉड्यूलचे कनेक्टर न सोडवता ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर केलेले वेल्डिंग मात्र खुद्द मॉड्यूललाच मारू शकते. बिघाडापूर्वी वेल्डिंग झाले होते का, हा प्रश्न अवश्य विचारावा.

दोष मॉड्यूलचाच आहे असे केव्हा म्हणावे? पुरवठा व अर्थिंग भाराखाली ठीक, संदेशवाहक तारा अखंड, सेन्सरची माहिती मॉड्यूलच्या पिनेपर्यंत पोहोचते, सोलेनॉइडचा रोध योग्य, आणि तरीही मॉड्यूल व्हॉल्व्हला प्रवाह देत नाही, अशा स्थितीतच. सोलेनॉइडची मोजणी कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. आतून शॉर्ट झालेला सोलेनॉइड जुन्या मॉड्यूलप्रमाणे नवे मॉड्यूलही जाळू शकतो. माहितीपुस्तिका हाताशी नसल्यास एकाच बनावटीच्या व्हॉल्व्हांची परस्परांशी तुलना करावी, मात्र सारख्याच तापमानाला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे थंड व तापलेल्या गुंडाळीत पाव भागाचाही फरक पडतो. याच कारणासाठी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे मॉड्यूल ‘लावून पाहणे’ धोक्याचे आहे. एकाऐवजी दोन ट्रॅक्टर बंद पडू शकतात.

बदल ठरल्यावर जुन्या मॉड्यूलवरील भाग क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती व यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे, काही मिनिटे थांबावे, पिनांना बोट लावू नये. नवे मॉड्यूल कोरे येत असल्यास अधिकृत तंत्रज्ञाच्या उपकरणाने त्यात त्या यंत्राची माहिती भरावी लागते. टायरचा आकार किंवा गिअरचे गुणोत्तर चुकले तरी वेगाचे कोड पुन्हा उमटतात. यानंतर क्लचचे कॅलिब्रेशन आवश्यक असते, कारण प्रत्येक क्लच किती दाबाला पकड घेतो हे नव्या मॉड्यूलला ठाऊक नसते. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानापर्यंत तापवून, सपाट मोकळ्या जागी, हातब्रेक लावून, पीटीओ बंद ठेवून हे काम करावे. यंत्राच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. आसनाखालील सुरक्षा-स्विच तारेने जोडून निष्प्रभ करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. असा ट्रॅक्टर चालक खाली उतरल्यावरही चालू लागू शकतो. ती तार काढल्याखेरीज कॅलिब्रेशनला हात घालू नये.

लष्करी वाहनाबरोबर त्याची नोंदवही असते. छावणीच्या शेजारच्या गावांना ही शिस्त नवी नाही. अवजारे बँकेनेही प्रत्येक यंत्राची अशी वही ठेवावी आणि तिच्यात तेलबदल, वेल्डिंग, उमटलेले कोड व मोजलेली व्होल्टेज तारखेसह लिहावीत. प्रत्यक्ष हात बसण्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेसारख्या संस्थांच्या प्रशिक्षणवर्गांची चौकशी करावी. यंत्रांची ही तपासणी पेरणीपूर्वी, सप्टेंबरमध्येच उरकावी. तोवर सदोष तार बदलण्यास व भाग मागवण्यास पुरेसा अवधी असतो.