ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा : वायरिंग कसे करावे?



उसाची तोड दिवसा होते, पण वाहतूक रात्रंदिवस चालते. डिसेंबरात सहा वाजून गेले की अंधार पडू लागतो आणि भरलेली ट्रॉली नेमकी त्याच वेळेला फडातून रस्त्याला लागते. ट्रॅक्टरचे हेडलाइट बहुधा चांगले असतात, कारण ते ड्रायव्हरला स्वतःला लागतात. मागचा लाल दिवा दुसऱ्याच्या उपयोगाचा, म्हणून तो गेला तरी "बघू उद्या" होते.

मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटरने येणारा माणूस सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापतो. लाइट डीम असेल तर उसाचा ढीग तीस-चाळीस मीटरवर आल्यावरच दिसतो. म्हणजे हातात दोन सेकंद. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. म्हणजे नऊ सेकंद. या जादा सात सेकंदांत माणूस वाचतो, आणि तो बहुधा आपल्याच भागातला, कुणा सभासदाच्या घरचा असतो.

दिवे वरचेवर का जातात?

बल्ब उडतो हे खरे, पण नवा बल्ब घालूनही दिवा लुकलुकत असेल तर दोष अर्थमध्ये शोधावा. वीज बॅटरीतून निघून बल्बातून जाते आणि तिला परत बॅटरीकडे यावे लागते. पुष्कळ ट्रॉल्यांना परतीची तारच नसते. हुकाच्या पिनेतून अर्थ मिळेल या भरवशावर काम चालते. पिनेला ग्रीस, गंज, माती. खड्ड्यात ट्रॉली उसळली की संबंध तुटतो.

पाटाचे पुढचे तोंड तुंबले की पाणी शेजारच्या सरीत शिरते, तसेच विजेचे होते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट मिचमिचते. असे दिसले की बल्ब बदलत बसू नये. ट्रॉलीला स्वतःची अर्थ वायर द्यावी. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करावी.

सात पिनांची जोडणी

ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे सॉकेट बसवावे. बारा व्होल्टच्या प्रचलित पद्धतीत क्रम असा असतो :

१ – डावा इंडिकेटर
२ – मागचा धुक्याचा दिवा (नसल्यास रिकामी)
३ – अर्थ
४ – उजवा इंडिकेटर
५ – उजवी टेल लाइट
६ – ब्रेक लाइट
७ – डावी टेल लाइट

नंबर प्लेटचा दिवा ७ वर घ्यावा. तारेच्या रंगावर विसंबू नये, पिनेचा आकडा पाहावा. जुन्या ट्रॅक्टरला आधीच्या मिस्त्रीने मनाने जोडलेले असू शकते, म्हणून टेस्ट लॅम्प लावून एकेक पिन तपासावी. गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना एकच क्रम असला, तर अडल्या वेळी कुणाचाही ट्रॅक्टर कुणाच्याही ट्रॉलीला चालतो.

तार, फ्लॅशर आणि फ्यूज

(१) तार किमान दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. दोन ट्रॉल्या असतील तर अर्थची तार अडीचची. एका ट्रॉलीचे २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब साडेतीन अँपिअर घेतात. दहा मीटर जायचे आणि दहा मीटर यायचे धरले, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या स्वस्त तारेत जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जातात आणि बल्ब लालसर, मरतुकडा पेटतो. दीडच्या तारेत एक व्होल्टही जात नाही.

(२) दोन ट्रॉल्यांचे चार ब्रेक बल्ब मिळून सात अँपिअर होतात. हा भार ब्रेकच्या स्विचवर न टाकता रिले बसवावा.

(३) ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटरचे बल्ब वाढतात. फ्लॅशर त्या भाराचा घ्यावा.

(४) फ्यूज असलाच पाहिजे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे वायरिंग जाळणे होय.

(५) वायर सांगाड्याच्या आतून, पाइपमधून न्यावी. हुकापाशी वळणापुरता ढील ठेवावा, पण जमिनीला घासेल इतका नको.

दिव्यांची फळी

भरताना आणि गव्हाणीवर खाली करताना दिवे फुटतात. शिवाय ऊस मागे लोंबला की दिवे झाकले जातात. यावर सोपा उपाय आहे. एका फळीवर दोन्ही दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट आणि लाल रिफ्लेक्टर बसवावेत. ट्रॉली भरून झाली की फळी उसाच्या मागे टांगून दोरीने पक्की करावी व प्लग जोडावा. खाली करण्याआधी काढून घ्यावी. दोन ट्रॉल्या असतील तर ही फळी शेवटच्या ट्रॉलीला हवीच.

बॅटरी उतरेल का?

ट्रॉली रस्त्याकडेला बंद पडली की बॅटरीच्या भीतीने दिवे मालवतात. ट्रॅक्टरचे चार आणि दोन ट्रॉल्यांचे सहा असे पाच वॅटचे दहा बल्ब मिळून ५० वॅट होतात, म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या आत. पाच तासांत सुमारे २१ अँपिअर-अवर खर्च होतात. ८८ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी एवढ्याने बसत नाही. हेडलाइट बंद करावेत, मागचे लाल दिवे चालूच ठेवावेत. मागे काही अंतरावर त्रिकोणी रिफ्लेक्टरही ठेवावा.

रोज फडातून निघताना ड्रायव्हरने ब्रेक दाबावा, दोन्ही इंडिकेटर द्यावेत आणि मागे उभ्या माणसाने दिवे पेटल्याचे सांगावे. अर्धा मिनिट लागतो. ट्रॅक्टर भाड्याचा असला तरी त्यावर ऊस आपला आहे. तरी सर्व सभासद व वाहतूक ठेकेदारांना विनंती की, मागचा दिवा पेटल्याशिवाय ट्रॉली फडाबाहेर काढू नये.

— ऊस विकास अधिकारी