रतनगडाच्या पायथ्याशी ग्रुपचा मुक्काम: पैसे नेमके जातात कुठे

रतनगडाला पंधरा-वीस जण न्यायचे ठरले की पहिला फोन रतनवाडीत जातो आणि पहिला प्रश्न असतो, "दादा, माणशी किती?" त्या आकड्यात काय काय धरलं आहे ते विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो. एक घर पाचशे सांगतं, दुसरं नऊशे. पाचशेत नुसती गादी आणि रात्रीचं जेवण असतं. नऊशेत संध्याकाळचा चहा, जेवण, सकाळचे पोहे आणि गडावरून उतरल्यावरचं दुपारचं जेवणही येतं. दोन्ही दर आपापल्या जागी रास्त आहेत, पण तुलना व्हायला हवी ती वस्तूंची.

मुक्काम कुठे करायचा हे जलाशय ठरवतो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि अडवलेल्या प्रवरेचं पाणी मागे थेट रतनवाडीच्या शिवारापर्यंत पसरलं. म्हणून धरणाजवळच्या शेंडीहून रतनवाडीला जाणारा रस्ता पाण्याला वळसा घालत वीसेक किलोमीटर जातो. शेंडीत हॉटेलं आहेत, भंडारदऱ्याला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, कुटुंबासाठी ते उत्तमच. पण ज्या ग्रुपला उजाडताच १२९७ मीटर उंचीचा गड चढायला सुरुवात करायची आहे, त्याने आदल्या रात्री रतनवाडीतच झोपावं. नाहीतर पहाटेचा तासभर गाडीत जातो आणि शिडीपाशी गर्दी गाठते.

रतनवाडीत ग्रुपची सोय म्हणजे घराला लागून बांधलेला हॉल. वर पत्रे, खाली फरशी किंवा कोबा, त्यावर ओळीने गाद्या. काही ठिकाणी लोखंडी दुमजली पलंग. फोनवर तीन गोष्टी नक्की विचारा. संडास किती? सोळा माणसांना एकच असेल तर पहाटे रांगेतच उजाडतं. दोन तरी हवेत. मुलींसाठी वेगळी खोली आहे का आणि तिला आतून कडी आहे का? पांघरूण मिळतं की आणायचं? डिसेंबर-जानेवारीत पाण्याच्या कडेची थंडी एका चादरीने भागत नाही. पावसाळ्यात प्रश्न बदलतात. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस याच घाटघर-रतनवाडी पट्ट्यात पडतो, गाद्या दमट होतात, वीज जाते. ओले कपडे टाकायला पडवी किंवा दोऱ्या आहेत का, हे जुलैत पलंगापेक्षा महत्त्वाचं. आंघोळीच्या गरम पाण्याचे बादलीमागे वेगळे पैसे असतात. त्यावर वाद घालू नये, बंबाखालचं लाकूड कुणीतरी आणलेलं असतं.

आता हिशेब. दर घरागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून उदाहरणापुरते आकडे धरू. सोळा जण, एक रात्र, दोन दिवस. झोपण्याचे माणशी ३००, रात्रीचं शाकाहारी जेवण २००, नाश्ता ८०, दुसऱ्या दिवशीचं जेवण २००, दोन चहा ४०. झाले ८२० रुपये. वाटाड्याचे १,५०० आणि सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरचे टोल, चालकभत्त्यासह २०,००० धरले, तर हा सामायिक खर्च २१,५००. सोळांत वाटला की माणशी १,३४४. एकूण २,१६४.

शुक्रवारी रात्री पाच जण गळाले की मुक्कामाचे ८२० तेवढेच राहतात, पण सामायिक खर्चाचा वाटा १,९५५ होतो आणि बेरीज २,७७५ वर जाते. म्हणजे गळतीने माणशी सहाशेच्या वर बोजा पडला. हॉलवाल्या मावशींशी घासाघीस करून गादीमागे पन्नास रुपये सुटले असते, तेही चुलीपाशी राबणाऱ्या बाईच्या पदरातून. मला हे मनापासून खटकतं. ग्रुपचा खर्च कमी करायचा असेल तर येणाऱ्यांकडून आठवडाभर आधी गाडीचा पूर्ण वाटा घ्या आणि ऐनवेळी गळणाऱ्याला तो परत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

गाडी ठरवतानाही नीट ऐका. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान किलोमीटर धरलेले असतात, बहुधा २५० किंवा ३००. मुक्कामी गाडी दिवसभर झाडाखाली उभी असली तरी दोन दिवसांचे किमान किलोमीटर लागतात. चालकाचं जेवण आणि झोपायची जागा मोजणीत धरा. तो गाडीत अवघडून रात्र काढणार आणि दुसऱ्या संध्याकाळी आपल्याला घाटातून आणणार, हे परवडणारं नाही. सात-आठच जण असाल तर रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी गाठून पुढे जीप ठरवणं स्वस्त पडतं.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर माणशी आणि गाडीचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावती जपून ठेवा आणि सुटे पैसे जवळ बाळगा, कारण मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. मे अखेर ते जून मध्य काजव्यांचा हंगाम. तेव्हा दर चढतात, रस्ते तुंबतात, रात्रीच्या वाहनांवर निर्बंध येतात. त्या शनिवार-रविवारी ट्रेकचा बेत आखूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार मिळाला तर जागा निवांत मिळते आणि जेवणही घरच्यासारखं पुढ्यात येतं: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वाफाळता भात.

मांसाहारी जेवण हवं असेल तर संख्या आदल्या दिवशीच कळवा. कोंबडी गावातली असते, ऐनवेळी चार ताटं वाढत नाहीत.

बिलावर जीएसटी लावला असेल तर त्यावर पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक आहे का पाहा. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर घेता येत नाही. नोंदणीकृत हॉटेलात दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. गावातल्या घरांचा याच्याशी सहसा संबंध येत नाही. मध्यस्थ आयोजकाच्या बिलावर मात्र नजर ठेवा. आयोजक माणशी २,५०० घेत असेल तर त्यातले घरमालकाला किती पोचतात, हे विचारायला संकोच कसला?

आगाऊ रक्कम यूपीआयने द्या आणि व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून घ्या: तारीख, माणसं, दरात काय धरलं आहे, किमान किती जणांचे पैसे द्यावे लागतील, आणि वाट बंद झाली तर आगाऊ रकमेचं काय. कबूल केलेलं मिळालं नाही आणि बोलून सुटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. संख्या कमी होणार असेल तर घरमालकाला गुरुवारपर्यंत कळवा, कारण शुक्रवारी तांदूळ, भाजी आणि गॅसची टाकी आणून झालेली असते.