बर्फातला रस्ता

बाजारात लाल लाल सफरचंदे येतात. ती कुठून येतात, ठाऊक आहे ना? बरीचशी काश्मीरमधून येतात. जम्मू आणि श्रीनगर यांच्यामधला रस्ता डोंगरांतून जातो. सफरचंदांचे ट्रक याच रस्त्याने खाली उतरतात. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. बर्फ फार झाला की रस्ता बंद होतो. मग ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागतात.

तुम्ही म्हणाल, बर्फ तर कापसासारखा मऊ. त्याला काय भ्यायचे? पण मंडळी, रस्त्यावर बर्फ दोन तऱ्हांचा असतो. आभाळातून पडतो तो भुसभुशीत. तो डोळ्यांना दिसतो. दुसरा मात्र दिसत नाही. दिवसा उन्हाने बर्फ वितळतो. त्याचे पाणी रस्त्यावर पसरते. रात्री थंडी वाढली, की तेच पाणी गोठते. रस्त्यावर काचेसारखा पातळ थर बसतो. त्यातून खालचे डांबर दिसते. बघणाऱ्याला वाटते, रस्ता नुसता ओला आहे.

पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय कसा सटकतो? चाकाचे तसेच होते. चाक रस्त्याला धरून राहते, म्हणून गाडी वळते आणि थांबते. बर्फावर चाकाला पकडच मिळत नाही. जोरात ब्रेक दाबला तर चाक थांबते, पण गाडी घसरत पुढे जाते. पुलावर तर जास्तच जपावे लागते. पुलाला वरून वारा लागतो, तसा खालूनही लागतो. म्हणून पूल आधी गोठतो.

तिकडचे जाणते ड्रायव्हर काय करतात? चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. खालच्या गिअरमध्ये गाडी हळू चालवतात. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतात. रस्ता बंद आहे असे सांगितले, की मुकाट्याने थांबतात.

पण बर्फात थांबलेल्या गाडीतही एक धोका असतो. तो नीट समजून घ्या.

पाकिस्तानात मुरी नावाचे थंड हवेचे गाव आहे. 2022 सालच्या जानेवारी महिन्यात तिथे बर्फ पाहायला हजारो गाड्या आल्या. 7 तारखेच्या रात्री बर्फाचे मोठे वादळ झाले. झाडे मोडून रस्त्यावर पडली. गाड्या जागच्या जागी अडकल्या. ऊब राहावी म्हणून लोकांनी काचा लावून घेतल्या आणि इंजिन चालू ठेवले. सकाळी पाहतात तो काय? गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसे मरून पडलेली. त्यांत लहान मुलेही होती.

ही सगळी माणसे काही थंडीने मेली नाहीत. अनेकांचा जीव विषारी वायूने गेला. गाडीच्या सायलेन्सरमधून धूर बाहेर पडतो. सायलेन्सर बर्फाखाली दबला, की धूर कोंडतो आणि गाडीत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो अंगात गेला की डोके दुखते, चक्कर येते, झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही.

म्हणून बर्फात गाडी अडकली तर आधी सायलेन्सरजवळचा बर्फ काढावा. इंजिन सारखे चालू ठेवू नये. मधूनमधून थोडा वेळ चालवावे. तेव्हा एक काच थोडी उघडी ठेवावी. अंगावर पांघरूण घ्यावे. एकमेकांना जागे ठेवावे.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, आमच्या गावात कुठला आलाय बर्फ?” खरे आहे. पण थंडी तर आहे ना? पौषात आपण खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो. दारे-खिडक्या लावून झोपतो. शेगडीतूनही तोच वायू निघतो. बाळंतिणीच्या खोलीत तर शेगडी हमखास असते. तेव्हा शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी ठेवा. झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. थंडीला पांघरूण आहे. या वायूला मोकळी हवा हाच उपाय.

तुमच्या घरातला कोणी सैन्यात असेल, ट्रकवर असेल, किंवा हिमालयात यात्रेला निघाला असेल, तर त्याला हा धडा वाचून दाखवा.

सांगा पाहू
1. गोठलेला रस्ता नुसता ओला का वाटतो?
2. पूल आधी का गोठतो?
3. बर्फात अडकलेल्या गाडीत विषारी वायू कसा शिरतो?
4. आज रात्री झोपण्याआधी तुमची शेगडी कुठे ठेवाल?