शाळेचं ग्रंथालय आणि खिशातला मोबाईल



२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते सांभाळणाऱ्या ग्रंथपालाचा उल्लेख मात्र तिथे नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपाल कोण? तुम्ही आणि मी. वर्ग सांभाळून, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून, उरलेल्या वेळात.

त्यामुळे होतं काय, की पुस्तकं कपाटात आणि किल्ली खिशात. पुस्तक हरवलं तर दाखल रजिस्टरला कमी दिसेल, तपासणीत विचारतील, भरून द्यावं लागेल ही भीती असते. ती खोटी नाही. पण तिची किंमत मुलं मोजतात. म्हणून डिजिटल साधनांचा विचार मी टॅबलेट, प्रोजेक्टरपासून सुरू करत नाही. सुरुवात करते एका साध्या गुगल शीटपासून.

एका शीटमध्ये पुस्तकांची यादी घ्या: दाखल क्रमांक, नाव, लेखक, कोणत्या इयत्तेला जमेल. दुसऱ्या शीटमध्ये देवघेव: तारीख, मुलाचं नाव, दाखल क्रमांक, परत आलं का. बस. मोबाईलवर चालतं, नेट नसताना ऑफलाइनही चालू ठेवता येतं. पाचवीची मुलं हे काम आपल्यापेक्षा हौसेने करतात. हरवण्याची भीती निम्मी इथेच कमी होते, कारण कुठलं पुस्तक कुणाच्या घरी आहे हे एका शोधात कळतं.

पण शीटचा खरा उपयोग पुढे आहे. महिनाअखेरीला दोन गोष्टी बघा. एकदाही कपाटाबाहेर न गेलेली पुस्तकं कोणती? आणि एकही पुस्तक न नेलेली मुलं कोणती? कागदी रजिस्टरमध्ये नेलेल्या पुस्तकाची नोंद दिसते, न नेलेलं दिसत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यात वाचकाला त्याचं पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देणं ही दोन सूत्रं आहेत. (त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. आपणही तो दिवस हक्काने साजरा करायला हरकत नाही!)

आमच्या तिसरीतल्या एका मुलाची ओळ अशीच कोरी होती. त्याला जोडाक्षरं जड जायची. सोपं पुस्तक नेलं तर मुलं "हे तर पहिलीचं" म्हणून चिडवायची, आणि जाड पुस्तक वाचता यायचं नाही. असं मूल पुस्तकापासून लांब राहतं ते आळसाने नाही, लाजेने. त्याला उपयोगी पडलं ते प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ साली सुरू झालेलं हे मोफत संकेतस्थळ. गोष्टी चार पातळ्यांत आहेत. पहिल्या पातळीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे. मोबाईलच्या पडद्यावर पातळी कुणाला लांबून दिसत नाही, हा त्याचा मोठा फायदा! त्याने एकच गोष्ट माझ्याशेजारी बसून चार-पाच दिवस वाचली. मग मी तिची छापील प्रत काढून शिवून दिली. इथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून छापायला, वाटायला, भाषांतर करायलाही परवानगी आहे. घरची भाषा अहिराणी, कोरकू असेल तर मोठ्या मुलांकडून गोष्ट त्या भाषेत करून घेता येते. हा उपक्रम स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मोठ्या मुलांसाठी 'किशोर' विसरू नका. १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या या मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. पालकांनी आपल्या लहानपणचा एखादा अंक शोधून मुलाबरोबर उघडावा. मोबाईल हातात घेऊन दोघांनी एकाच पानाकडे बघणं तसं दुर्मीळच झालं आहे.

न हललेल्या पुस्तकांसाठी एक उपक्रम: ज्याने पुस्तक वाचलं त्याने एक मिनिट बोलायचं, काय आवडलं, कुठे कंटाळा आला. शेवट सांगायचा नाही. ते रेकॉर्डिंग ड्राइव्हवर ठेवून त्याच्या लिंकचा क्यूआर कोड पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवा. कोड बनवताना एक काळजी घ्या: काही संकेतस्थळांचे मोफत कोड थोड्या दिवसांनी बंद पडतात आणि पैसे मागतात. क्रोम ब्राउझरमधल्या शेअरच्या पर्यायात कोड तयार होतो, तो वापरा. रेकॉर्डिंगमध्ये मुलाचं पूर्ण नाव, फोटो, गाव नको, आणि पालकांना आधी विचारा. आपण शिफारस केली तर मुलं मान डोलावतात. वर्गमित्राने केली तर पुस्तक नेतात.

आता थोडं कटू. व्हॉट्सॲप ग्रुपवर बालसाहित्याच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फिरतात, ते डिजिटल ग्रंथालय नव्हे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं आज मुक्त आहेत; हयात लेखकांची नाहीत. ज्यांची पुस्तकं मुलांनी वाचावीत असं आपल्याला वाटतं, त्यांच्याच पोटावर पाय कशाला?

शाळेत नेट येत नसेल तर शिक्षण परिषदेला किंवा तालुक्याला जाल तेव्हा आठवड्याच्या चार-पाच गोष्टींच्या पीडीएफ उतरवून घ्या. क्यूआर कोडऐवजी रेकॉर्डिंग मोबाईलमध्येच ठेवा, फाइलला पुस्तकाचा दाखल क्रमांक द्या, आणि शनिवारी परिपाठानंतर छोट्या स्पीकरवर दोन ऐकवा. तेवढा वेळ कपाट उघडंच ठेवा.