गंमत करणारा त्याच डब्यात आहे का?



विषय : मूल्यशिक्षण व परिसर अभ्यास
इयत्ता : तिसरी ते पाचवी
वेळ : दोन तासिका

धुळवडीची सुट्टी संपून वर्ग भरला होता. कोणी कसा रंग खेळला, हे मुलं सांगत होती. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आम्ही विरारला मामाकडे गेलो होतो. रुळांजवळ उभे राहून लोकलवर फुगे मारले. एक तर बरोब्बर दारात बसला!" वर्ग खो-खो हसला. खरं सांगते, क्षणभर मलाही हसू आलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझी आई रोज लोकलच्या दारात उभी असते."

वर्ग एकदम गप्प झाला. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी हाच पाठ घेतला.

आमच्या चांदीपमधून लोकल दिसत नाही, पण इथले बरेच जण विरार गाठून ती पकडतात. म्हणून उदाहरणं गाडीतलीच घेतली.

गोष्ट पहिली : न्यूयॉर्कची

जानेवारी २००२. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कडाक्याच्या थंडीत एक माणूस चढला. वर कोट, मफलर सगळं व्यवस्थित, पण पॅन्टच नाही, नुसती चड्डी! पुढच्या स्टेशनला तसाच दुसरा, मग तिसरा. असे सात जण. एकमेकांना ओळख दाखवायची नाही, चेहरा सरळ ठेवायचा. शेवटी एक बाई एकेक डॉलरला पॅन्टी विकत आली! चार्ली टॉड यांच्या 'इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर' या गटाने ही खोडी काढली होती. पुढे ती दरवर्षीची झाली आणि लंडनसारख्या इतर शहरांतही पोचली. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी गाडी थांबवून काही जणांना पकडलं, पण नंतर ते आरोप टिकले नाहीत.

मुलं हसून लोटपोट झाली. मग मी विचारलं, "इथे हसं कोणाचं झालं?" उत्तर आलं, "त्यांचं स्वतःचंच!" एका मुलीने मात्र विचारलं, "पण आजीला लाज वाटली असेल तर?" हा प्रश्न मी फळ्यावर तसाच लिहून ठेवला. सगळ्या प्रश्नांचं उत्तर लगेच द्यायलाच हवं असं नाही.

गोष्ट दुसरी : आपल्या लोकलची

दसऱ्याला ऑफिसला सुट्टी असते, म्हणून मुंबईच्या लोकलमधले ग्रुप आदल्या दिवशीच दसरा साजरा करतात. रोज ज्या डब्यात जागेसाठी धक्काबुक्की, तिथे झेंडूची तोरणं, पताका, देवीचा फोटो, आरती आणि पेढे. नवरात्रात बायकांच्या डब्यात एके दिवशी सगळ्या पिवळ्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरव्या! ही खोडी नव्हे, पण रोजच्या कंटाळवाण्या प्रवासात सगळ्यांनी मिळून केलेली गंमतच की. मधल्या स्टेशनला चढलेल्या अनोळखी माणसाच्या हातावरही प्रसाद पडतो. आणि कोणी "डोकं दुखतंय, जरा हळू म्हणा" असं सांगितलं, तर ते ऐकायला माणसं समोरच असतात.

गोष्ट तिसरी : फुग्याची

आता तो फुगा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. आमचा वर्ग सात मीटर लांब आहे. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत असे तीन वर्ग मागे पडतात. (पाचवीला हे गणित जरूर करायला द्या.) समोरून येणाऱ्या गाडीवर फुगा मारला की गाडीचा वेगही त्या माऱ्यात मिळतो. मग पाण्याचा फुगा दगडासारखा लागतो. डोळ्याला लागू शकतो, दारातल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. म्हणूनच होळीच्या आधी रेल्वे पोलीस रुळांलगतच्या वस्त्यांत जाऊन समजावतात.

पालकांनी हेही लक्षात ठेवावं : प्रवाशांना धोका होईल हे माहीत असून गाडीवर वस्तू फेकणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १५२ खाली गंभीर गुन्हा आहे. मुलांना मात्र कायद्याची भीती घालून पाठ सुरू करू नका. भीतीने मूल फक्त लपायला शिकतं.

कृती

बाकांचा डबा करा. काही मुलं प्रवासी होतील : ऑफिसहून दमून आलेली आई, परीक्षेला निघालेला दादा, मासळीची पाटी घेतलेली मावशी. काही मुलं 'गंमत' करतील. आधी डब्यात उभं राहून, मग वर्गाबाहेरून खिडकीतून कागदाचे बोळे टाकून. नंतर दोन्ही गटांना बोलतं करा.

फळ्यावर लिहायचे तीन प्रश्न

१. हसं कोणाचं होतंय, माझं की दुसऱ्याचं?
२. समोरचा "नको" म्हणाला, तर मला ऐकू येईल का?
३. गंमत संपल्यावर मी तिथेच असेन की पळून जाईन?

या कृतीनंतर तो फुगे मारणारा मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, आम्हाला तिकडून कोणाचं तोंडच दिसत नव्हतं." मी त्याला रागावले नाही. अख्ख्या पाठाचं सार त्यानेच सांगितलं होतं. डब्यात बसून खोडी काढणाऱ्याला समोरचा चेहरा दिसतो. आवडलं नाही तर तो थांबू शकतो. रुळांजवळून फेकणाऱ्याला फक्त गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

शिक्षकांनो, आपण खोड्या बंद करायला निघालेलो नाही. खोडी न काढणारं मूल बघून मलाच काळजी वाटते! दप्तर लपवणं, टोपणनाव ठेवणं, १ एप्रिलची फसवाफसवी, सगळ्याला हेच तीन प्रश्न लावून बघा.

पालकहो, गृहपाठ तुम्हाला : आज रात्री जेवताना मुलांना तुमच्या लहानपणची एक खोडी सांगा. आणि ज्याची खोडी काढली, त्याला तेव्हा काय वाटलं असेल, हेही सांगा. दुसरा भाग जरा अवघड जातो. मलाही गेला.