खोल खडकातील सूक्ष्मजीव आणि अणुकचरा

सूक्ष्मजीव म्हटले की आपणांस दुधाचे विरजण आठवते, नाही तर एखादा आजार. परंतु अणुकचऱ्याच्या विल्हेवाटीतही या अदृश्य जीवांचा विचार करावा लागतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

अणुभट्टीतील वापरलेले इंधन दीर्घकाळ घातक राहते. त्यातील प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्यच सुमारे 24,100 वर्षे आहे. म्हणून फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर 400 मीटरहून अधिक खोल खडकात ‘ओन्कालो’ हे भांडार खोदले. खोदकामास 2004 साली प्रारंभ झाला. तेथील योजनेनुसार इंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात ठेवून त्यावर सुमारे 5 सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे कवच चढवतात. कवचाभोवती बेंटोनाइट या चिकणमातीचा दाबून घट्ट केलेला थर असतो आणि त्यापलीकडे खडक.

खोल भूजलात प्राणवायू नसतो आणि अशा पाण्यात तांबे फारच सावकाश झिजते. मग धोका कोणता? सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या खडकाच्या भेगांतही जिवाणू जगतात. आपण श्वसनासाठी प्राणवायू वापरतो, तसे त्यांतील काही पाण्यातील सल्फेट वापरतात आणि सल्फाइड बाहेर टाकतात. हे सल्फाइड मात्र तांब्यास झिजवते. येथे चिकणमाती उपयोगी पडते. पाणी शोषून ती फुगते, तिची छिद्रे अतिसूक्ष्म होतात आणि जिवाणूंना वाढण्यास जागा व मोकळे पाणी उरत नाही. ती विरळ झाली, तर हा अटकाव ढिला पडतो. म्हणूनच तिच्या घनतेला एवढे महत्त्व आहे.

याची दुसरी बाजू स्वित्झर्लंडमधील माँ तेरी या भूगर्भ प्रयोगशाळेत दिसली. पोलादी पात्रे भूगर्भात गंजताना हायड्रोजन वायू निर्माण होतो व साचल्यास त्याचा दाब वाढतो. तेथील चिकणखडकातील वेधछिद्रात संशोधकांनी हायड्रोजन सोडला, तेव्हा सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंनीच तो आपल्या पोषणासाठी वापरला. त्यावरील निबंध 2016 साली प्रसिद्ध झाला.

एकाच प्रकारचा जीव एके ठिकाणी कवचास बाधक, तर दुसरीकडे दाब कमी करण्यास साहाय्यक ठरतो. त्याचे कार्य पाणी, अन्न व जागा यांवर अवलंबून असते. म्हणून सुरक्षेचा खरा अभ्यास या परिस्थितीचा अभ्यास होय. विजेचा लाभ आपली पिढी घेते. तिचा कचरा मात्र ज्यांची भाषाही आपणांस कल्पिता येणार नाही, अशा पिढ्यांच्या पायाखाली राहणार आहे. त्यांच्यासाठी आज एवढ्या सूक्ष्म जीवाचाही हिशेब ठेवणे, हे आपण सर्वांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.